चूक पोटात

दातांच्या डॉक्टरांची खुर्ची टेम्पोतून उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी, सुट्टीच्या जेवणाला, आक्काने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवता सरकवता सांगितलं की ती हे घर सोडून चालली आहे.

"येताना पाव आण मग," तिचा भाऊ, दादा, म्हणाला. त्याला वाटलं, कोपऱ्यापर्यंत.

"लेकीकडे चालले. कायमची. दुकान आणि माझी पुढची खोली बारकीच्या नावावर करायची. वकील घरातच आहे, कागद ती करेल."

वकील म्हणजे आक्काची लेक. तिच्या तोंडात गरम बटाटा होता, त्यामुळे तिला हरकत घेता आली नाही. तिने फक्त डोळे मोठे केले, आणि आक्काने त्याचा अर्थ आनंद असा घेतला.

बारकी म्हणजे आक्काची धाकटी बहीण. आता केस पिकले, चष्मा नाकावरून घसरतो, पण नाव बारकीच. ती खिडकीकडच्या खुर्चीत बसली होती, कारण खिडकीकडची खुर्ची तिची. पावाचा कडक कडेचा तुकडा तिच्या ताटात होता, कारण कडेचा तुकडाही तिचा. तिने तो तुकडा मोडला आणि शांतपणे विचारलं, "मला कशाला दुकान?"

"तुझा हक्क आहे."

"हक्क असेल गं. पण मला ते नकोय."

"तुला ठाऊक आहे मी का देतेय ते," आक्का म्हणाली आणि उठून तिच्यासाठी चहा टाकायला गेली. जेवण अजून अर्धंही झालं नव्हतं.

वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, हे सगळं मान खाली घालून ऐकलं. मान खाली घातली की तिचं डोकं जोरात चालतं. पहिला विचार असा आला, की पुढची खोली बारकीला गेली तर बारकीची मागची, उन्हाची खोली रिकामी होणार. त्या खोलीत आपलं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं इथपर्यंत ती पोचलीसुद्धा. मग स्वयंपाकघरातून चहाच्या भांड्याचा आवाज आला आणि कपाट जागच्या जागी थबकलं. आक्का गेल्यावर हा चहा कोण करणार? सकाळी उठायच्या आत एक, जेवणात एक, दुपारी शिलाई मशीनपाशी एक. साखर वेगळी, कप वेगळा. बारकीला उशी उंच लागते, पंखा बारीक लागतो, वर्तमानपत्र घडी न मोडलेलं लागतं. आक्का हे सगळं उभं आयुष्य करत आली होती. दादा करणं शक्य नव्हतं. दादाला स्वतःचा मोजा सापडत नाही.

"आक्का," वहिनी मान वर करून म्हणाली, "तुम्ही गेलात तर माझ्या जिवाला काय वाटेल याचा विचार केलात का?"

दादाने चमकून बायकोकडे पाहिलं. गेल्याच आठवड्यात ती म्हणाली होती की तुमची बहीण चार दिवस कुठे गेली तर मला श्वास घेता येईल.

*

कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. कारण खाली दुकानात उभं होतं, फाटक्या हिरव्या रेक्झिनचं, डोकं मागे टाकून.

या घराचा धंदा म्हणजे खुर्च्या आणि सोफ्यांच्या गाद्या बसवणं, आणि या घरात चूक म्हणजे आधी बारीक खिळा. बाकीचे अर्थ नंतर. वकील पहिलीत असताना बाईंनी "किती चुका गं तुझ्या!" म्हटलं, तेव्हा तिने अभिमानाने सांगितलं होतं की घरी अजून डबाभर आहेत.

गादी बसवणाऱ्याला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, म्हणून चुका तोंडात धरायच्या. जिभेने एकेक ओठांवर आणायची, हातोडीच्या लोहचुंबकाने उचलायची, ठोकायची. त्यामुळे काम चालू असताना कुणी बोलत नाही. होकार असेल तर "हूं", नकार असेल तर "उंहूं". आक्काचा नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, की आमचं सगळं सहजीवन या दोन शब्दांत आटोपतं आणि त्यातलाही पहिला शब्द क्वचित ऐकू येतो.

तर घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट अशी. डॉक्टर तेव्हा तरुण होता, नवा दवाखाना थाटत होता. कुठूनशी जुनी खुर्ची विकत घेऊन त्याने ती दुकानात टाकली आणि रोज बघायला येऊ लागला. खुर्ची रोज बघण्यासारखी नव्हती. बारकी होती. एका सकाळी त्याने धीर करून आक्काला विचारलं, "बारकीला लग्नाचं विचारू का?" आक्का खुर्चीखाली गुडघ्यांवर, तोंड चुकांनी भरलेलं. नेमकं त्याच क्षणी दादाने भलतीच हातोडी उचलली. आक्का दादाला म्हणाली, "उंहूं." डॉक्टर म्हणाला, "बरं." आणि गेला. तोंडातल्या चुका वाटीत काढून आक्का दारापर्यंत धावली तोवर रस्ता रिकामा. पुढे डॉक्टरचं दुसरीकडे लग्न झालं. बारकीचं राहिलं ते राहिलंच.

घरात चार माणसं जमली की ही गोष्ट व्हायची. दादा हातोडी उचलून दाखवायचा. वहिनी तर लग्न होऊन आली ती या सगळ्यानंतर, तरी डॉक्टरचं "बरं" तीच सर्वांत छान म्हणायची. बारकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आक्का तेवढी हसायची नाही. ती उठून बारकीसाठी चहा आणायची.

*

"मामी, काहीतरी कर," वकील भांडी विसळत म्हणाली.

"तुझी आई आहे. तूच का नाही करत?"

"मी नको म्हटलं तर तिला वाटेल मला ती जड झाली."

"झाली नाही का?"

वकिलाने नळ बंद केला. खोटं बोलायचं तर विचार करून बोलावं, ही तिच्या पेशाची सवय. तिचं घर सातव्या मजल्यावर. तिथे काचेचं टेबल, लोखंडी खुर्च्या, आणि एक सोफा. मागच्या खेपेला आई चार दिवस राहायला आली तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफा उसवलेला होता. "आत नुसता स्पंज कोंबलाय गं," आई म्हणाली होती, एखाद्याचं आजारपण सांगावं तशी. मग तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे ठोकाठोकीची तक्रार घेऊन वर आले. चौथ्या दिवशी आई काचेच्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. वकिलाने आईचे हात असे स्वस्थ बसलेले त्याआधी एकदाच पाहिले होते, बाबा गेले तेव्हा.

"मला ती हवी आहे," ती म्हणाली. "पण हात चालू असलेली हवी आहे."

"मग ऐक. डॉक्टर आज दुपारी कापड पसंत करायला येणार आहेत. त्यांना वर बोलवायचं, आणि सगळ्यांसमोर विचारायचं, की अहो, त्या एका उंहूंमुळे तुमचं काही बिघडलं का? ते काय, नाहीच म्हणणार. चांगले गुबगुबीत झालेत. सुखी माणसासारखे दिसतात."

"म्हणजे साक्षीदार उभा करायचा."

"तू त्याला काहीही म्हण."

"मामी, साक्षीदार काय सांगणार हे आधी माहीत नसेल तर त्याला बोलवू नये. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात."

"मला कुणी काही शिकवलेलं नाही," वहिनी हात पुसत म्हणाली, "म्हणून माझी कामं होतात."

*

डॉक्टर आले ते जिन्यातच धापा टाकत. आता दवाखाना बंद केला होता, पण खुर्ची सोडवेना. घरी खिडकीत टाकून तीत पेपर वाचायचा बेत होता.

"आणि बाई काय म्हणतात घरी?" वहिनीने चहा पुढे केला.

"मजेत. मला बोलू देत नाही. मी आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून एकटाच बोलत राहिलो ना, त्याची परतफेड चालू आहे." डॉक्टर खुशीत हसले. मग सवयीप्रमाणे त्यांनी हसणाऱ्या प्रत्येकाच्या दातांवरून नजर फिरवली. दादाने तोंड मिटून घेतलं.

आक्का भिंतीशी उभी होती. बारकी खिडकीपाशी.

"डॉक्टर, एक विचारू?" वहिनी म्हणाली. "जुनी गोष्ट आहे. तुम्ही आमच्या आक्कांना एकदा काही विचारलं होतं, बारकीबद्दल."

"वहिनी, नको," आक्का म्हणाली.

"विचारलं होतं की!" डॉक्टर मुळीच अवघडले नाहीत. "बायकोलाही सांगितलंय मी. तिला ती गोष्ट फार आवडते, मी त्यात हरतो म्हणून."

"पण हरायचं कारणच नव्हतं," वकील मध्ये पडली. "आईच्या तोंडात चुका होत्या. ती मामाला उंहूं म्हणाली, आणि तुम्ही तो नकार समजलात."

"चुका?"

"हे आपले बारीक खिळे."

"छे छे," डॉक्टर म्हणाले. "तोंड रिकामं होतं."

सगळे डॉक्टरांकडे बघू लागले.

"मला चांगलं आठवतं," डॉक्टर उत्साहाने पुढे सरसावले. त्यांना वाटलं, आपल्या स्मरणशक्तीचं कौतुक चाललंय. "त्या मला खुर्चीची स्प्रिंग कशी दबलीय ते समजावत होत्या. बोलताना वरची डावीकडची दाढ दिसत होती. चांगली किडलेली! मी मनात म्हटलं, ही सासरची माणसं होणार असतील तर दाढ फुकट भरून देऊ. मग मी विचारलं. त्यांनी तोंड मिटलं, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, उंहूं. नंतर ती दाढ काढावी लागली असेल, हो ना?"

"लागली," आक्का म्हणाली.

वहिनीने वकिलाकडे पाहिलं नाही. पहिल्या वर्षी काय शिकवतात ते तिला आता कळलं होतं.

"आणि मी?" दादा म्हणाला. "मी हातोडी उचलली ती?"

"तुम्ही तिथे नव्हताच."

"नव्हतो?"

"तुम्ही कुठे तरी काथ्या आणायला गेला होता. मीच मुद्दाम ती वेळ साधली. तुमची भीती वाटायची तेव्हा."

दादा खाली बसला. आयुष्यात कुणाला आपली भीती वाटली होती ही बातमी एरवी त्याने आठवडाभर पुरवली असती. पण आत्ता तो दुसऱ्याच हिशेबात होता. ती भलती हातोडी त्याने आपल्या मनावर किती वर्षं ठेवली होती! बारकीचं मशीन कुरकुरलं की तो जेवण सोडून तेल घालायला धावायचा. तिच्या खोलीचं छत त्याने दर पावसाळ्याआधी स्वतः चढून पाहिलं होतं, आणि त्याला उंचीवर चक्कर येते.

"मग मी उचलली ती हातोडी कुठली?" त्याने कळवळून विचारलं.

"तुम्ही रोजच भलती हातोडी उचलता," वहिनी म्हणाली. "त्यातलीच एखादी."

"पण आक्का, तू मला सांगितलंस की मी—"

"सांगितलं," आक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट होता, ठोकून ठोकून बसवलेला. "तुझ्यावर ढकललं. संध्याकाळी बारकीला काय सांगावं सुचेना, तेव्हा हे सुचलं. तोंडात चुका होत्या म्हटलं, तुझी हातोडी म्हटलं. सगळे हसले. मग खरं सांगायची वेळ गेली. नंतर दर वेळी सगळे हसायचे आणि ती वेळ आणखी लांब जायची."

"पण का?" वकिलाने विचारलं. हा प्रश्न तिने वकील म्हणून विचारला नव्हता.

आक्काने पदराच्या टोकाशी चाळा केला. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की जमीन दुभंगेल. जमीन तशीच होती, फरशीवर दुपारचं ऊन, डॉक्टर चहाचा कप हातात धरून बावरलेले.

"नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं होतं," ती म्हणाली. "तिच्यासारखी शिवण कुणाची नव्हती." मग थांबली. "नाही, तेही खरं नाही. काम गेलं असतं तर गेलं असतं. ती गेली असती तर मी दिवसभर बोलले असते कुणाशी? नवरा हूं म्हणायचा. दादा हा असा. मला ती हवी होती, म्हणून मी नाही म्हटलं. तिचं आयुष्य होतं आणि मी नाही म्हटलं."

खिडकीपाशी कडाक्कन आवाज झाला. बारकीने जेवणातला राहिलेला कडेचा पाव मोडला होता.

"संपलं?" तिने विचारलं. "की अजून आहे?"

"बारके—"

"कारण मला आत मशीनवर सगळं ऐकू आलं होतं."

आता आक्का खाली बसली.

"पडदा होता मधे, भिंत नव्हती," बारकी चावत म्हणाली. "डॉक्टर घसा खाकरायला लागले तसं मी मशीन थांबवलं. म्हटलं बघू, आक्का काय म्हणते. तुला मशीन थांबलेलं ऐकू नाही आलं? दुकानात एवढी शांतता कधी असते?"

"मग बाहेर का नाही आलीस?"

"तेच तर." बारकीने चष्मा वर सरकवला. ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, राग मानू नका."

"नाही नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना घरी जाऊन बायकोला कधी एकदा सांगतोय असं झालं होतं.

"तुम्ही चांगले होता. पण माझ्याशी बोलताना तुम्ही डोळ्यांत बघायचाच नाही, सुळ्यांकडे बघायचा. मला वाटायचं, हा माणूस पहाटे उठवून आ करायला सांगेल. तुम्ही मला विचारलं असतंत तर मला नाही म्हणायचा धीर झाला नसता. मी कुणाला नाही म्हणूच शकत नव्हते तेव्हा. हो म्हणून बसले असते आणि मग उरलेलं आयुष्य आ करून काढलं असतं. आक्काने परस्पर काम केलं. मी आत बसून सुटकेचा श्वास टाकला, हे एक." तिने घोट घेतला. "आणि मग मला राग आला, हे दुसरं. मला न विचारता ही कोण नाही म्हणणारी? दोन हिवाळे मी रागात होते. आक्का, तुझा तो राखाडी कोट आठवतो? काखेत काचायचा?"

"तो आटला होता."

"मी आत घेतला होता. थोडा थोडा. दर महिन्याला."

वहिनीच्या घशातून एक आवाज निघाला. तिने तो खोकल्यात ढकलला.

"मी दोन हिवाळे हात वर करू शकले नाही!" आक्का म्हणाली. "हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले मी! सांध्यांचं दुखणं आहे म्हणाला!"

"मग राग गेला तेव्हा परत सैल केला ना."

"मला वाटलं त्याच्या गोळ्यांनी बरं वाटलं!"

"तेव्हाच सांगणार होते तुला सगळं. किती वेळा ठरवलं. पण मी तोंड उघडलं रे उघडलं की तू चहा घेऊन हजर. गरम चहा हातात असताना कोण सांगतं, की बाई, याची गरज नाही? मग खिडकीची जागा. मग पंखा. मग पावाची कड. मला कळत होतं हे कशाचं आहे, आणि मी घेत होते. म्हणजे बघ, तू एकदा नाही म्हणालीस. मी रोज हो म्हणत होते. आता सांग, जास्त लबाड कोण?"

"मलाही त्यात मोजा," दादा हळूच म्हणाला. त्याला आपण कशातच नव्हतो हे फारसं आवडलं नव्हतं.

आक्का मात्र हसली नाही. तिने मान हलवली. "तू काहीही म्हण. तुला तो नको होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तुला हवं असेल असं समजूनच नाही म्हटलं. ते निघत नाही गं. इतकी वर्षं मनात टोचतंय, ते काय उगाच?"

बारकीने कप ठेवला. इथे ती पहिल्यांदा गंभीर झाली, आणि गंभीर झाल्यावर ती आक्कासारखी दिसते हे वकिलाच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

"उगाच नाही. तू वाईट केलंस. मी ते नाकारत नाही. पण म्हणून तू सातव्या मजल्यावर जाऊन हात बांधून बसणार, आणि माझ्या डोक्यावर दुकान ठेवून जाणार? ही शिक्षा तुझी आहे की आमची? मी तुझी ती चूक केव्हाच पोटात घातली, आक्का. माझ्या वाटणीची. तुझ्या वाटणीची तुला घालावी लागेल. ती मी नाही गिळू शकत."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "थांबा, थांबा. पोटात चूक गेलीय? कधी? एक्स-रे काढलाय का?"

त्यानंतर जे हसू फुटलं त्यात डॉक्टरांना काही केल्या समजावता आलं नाही. वहिनी टेबलावर पालथी पडली. दादा रडायला लागला आणि कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. डॉक्टर म्हणत राहिले, हसण्यावारी नेऊ नका, खिळा आतड्यात अडकतो. आक्काच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती उठून खाली गेली. जाताना तिने कुणासाठीही चहा टाकला नाही.

*

दुकानाला सुट्टी होती, म्हणून फळी अर्धीच उघडलेली. आक्काने खुर्चीचं जुनं रेक्झिन उचकटायला घेतलं. आत तिनेच भरलेला काथ्या दबून ढेकूळ झाला होता, स्प्रिंगांवर गंज. हे काम तिने किती वाईट मनःस्थितीत केलं होतं ते तिला आठवत होतं, आणि तरी काम चांगलं झालं होतं. डाव्या बाजूची पट्टी अजून ताणलेली होती. तिला याचं नवल वाटलं. ज्या बाईने तो नकार दिला होता तिनेच त्याच आठवड्यात ही पट्टी एवढी सरळ बसवली होती. ती काही फक्त नकार देणारी बाई नव्हती.

"केलं मी ते," ती मोठ्याने म्हणाली.

काही झालं नाही. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा ते वाक्य नुसतं खरं वाटलं, पाऊस पडला होता किंवा खुर्ची हिरवी होती इतकं खरं. पहिल्यासारखं अंगावर आलं नाही. तिने एक गंजकी चूक पक्कडीत धरून उपटली, वाटीत टाकली, आणि पुढची धरली. अजून बऱ्याच होत्या. घाई नव्हती.

मागून पावलं आली. बारकीने कापडाचा तागा धपकन टेबलावर टाकला.

"डॉक्टरांच्या खुर्चीला हे."

आक्काने मागे वळून पाहिलं. लालभडक, त्यावर मोठाली पिवळी फुलं. बारकीला रंगातलं काही कळत नाही, ही गोष्ट आक्काला फार जुनी ठाऊक होती. एका गिऱ्हाइकाच्या दिवाणाला बारकीने जांभळे पट्टे सुचवले तेव्हा आक्का "छान" म्हणाली होती. शाळेच्या हेडबाईंच्या खुर्चीला बिबट्याचे ठिपके सुचवले तेव्हाही "छान" म्हणाली होती, आणि बाईंनी ती खुर्ची परत पाठवली तेव्हा बारकीला कळू दिलं नव्हतं. बहिणीला नाही म्हणायचा अधिकार आपण एकदा वापरून संपवला, असं तिचं मत होतं.

ती कापडाकडे बघत राहिली.

"भयंकर आहे," ती म्हणाली.

"काय?"

"भयंकर आहे म्हटलं. माणूस त्यात पेपर वाचायला बसणार आहे, त्याला फाशी द्यायची नाहीये."

"रंग आहे तो! तुला नुसता राखाडी कळतो. राखाडी, नाहीतर तपकिरी!"

"मला रंग कळतो म्हणून सांगतेय. हेडबाईंची खुर्ची परत आली होती."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. मी रात्री बसून निळी केली."

"मला न सांगता? माझं कापड काढून?"

वर जिन्याच्या तोंडाशी तीन माणसं येऊन उभी राहिली होती, आणि दरवाजाआड डॉक्टर चौथे. दादाने खाली जायला पाऊल उचललं. वहिनीने त्याचा सदरा धरला.

"बसा गप."

"अगं, भांडतायत त्या. या दोघी कधी भांडत नाहीत."

"म्हणूनच म्हणते, बसा."

खाली आवाज चढत होते. जांभळे पट्टे निघाले. उशीची उंची निघाली. "एवढी उंच उशी घेऊन मान मोडेल तुझी, हे मी इतकी वर्षं बोलले नाही," आक्का म्हणत होती, आणि बारकी म्हणत होती की तुझा चहा नेहमीच पाणचट होता आणि मी एका शब्दाने बोलले नाही. वकील पायरीवर बसली. आईला इतकं भरभरून बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. मध्येच ती शब्द ऐकायचं सोडून नुसता आवाज ऐकू लागली.

"डॉक्टरांनाच विचारू!" बारकी ओरडली.

"डॉक्टरांना काय कळतंय! मी इथे असेपर्यंत या दुकानातून असली खुर्ची बाहेर जाणार नाही!"

बारकी एकदम गप्प झाली.

"म्हणजे तू इथे असणारेस," बारकी म्हणाली.

आक्का पक्कड हातात धरून उभी होती. तिच्या कपाळावर काथ्याची धूळ बसली होती, आणि चेहरा रागाने लाल झाला होता.

"असणारच," ती म्हणाली. "आणि विषय बदलू नकोस. ते कापड उचल आधी."